डोंगरावर कशाला जाता?

(कुरुळी इथं बचत गटातल्या बायका आणि मुलींच्या बैठकीत केलेलं भाषण. मोबाईलवरच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवताना काही पुनरुक्ती गाळली आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आज्यांनो, मावश्यांनो, मैत्रिणींनो, आणि मागं दारात उभ्या असलेल्या पोरींनो, आधी आत या. सतरंजीवर जागा आहे. दारात उभं राहिलं की निम्मं लक्ष रस्त्यावर राहतं, कोण बघतंय का म्हणून.

आज हप्ता गोळा करायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तीन आठवडे झाले, आपलं रविवारचं डोंगरावर जाणं बंद आहे. ते पुन्हा सुरू करायचं की नाही, हे ठरवायला आपण बसलोय. ठरवायचं तुम्ही. मी माझं म्हणणं मांडते, आणि त्याच्या आधी एक कबुलीही देणार आहे.

ज्या आज पहिल्यांदा आल्यात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर आपल्यातल्या अकराजणी दर रविवारी सकाळी भामचंद्राच्या डोंगरावर जायला लागल्या. सुरुवात सहज झाली. गटातल्या एका पोरीनं, ती कंपनीत शिफ्टला जाते, पगारातून पैसे साठवून एक जुनी गिअरची सायकल घेतली. जाड टायरची, डोंगरातल्या वाटेवर चालते ती. मग आणखी दोन सायकली आल्या, ओळखीच्या दुकानदारानं दुरुस्त करून स्वस्तात दिल्या. चौघी-पाचजणी आलटून पालटून सायकल चालवायच्या, बाकीच्या टेम्पो नाहीतर रिक्षानं पायथ्यापर्यंत, आणि तिथून सगळ्या पायी वर. पायथ्याच्या कच्च्या वाटांवर सायकल, मग डोंगर, मग वर बसून चटणी-भाकरी. अकरा वाजायच्या आत घरी. एवढंच होतं ते.

तीन आठवड्यांपूर्वी दोन मोटारसायकलींवरचे चार पोरगे आपल्या दोघी सायकलवाल्यांच्या मागं लागले. आधी शिट्ट्या, मग आडवी गाडी घालणं, आणि मग मोबाईल काढून चित्रीकरण. दोघींनी सायकली टाकल्या नाहीत, पडल्या नाहीत, सरळ मागच्या बायकांच्या घोळक्यात आल्या. पोरं पळाली. पण दोन दिवसांनी ते चित्रीकरण गावातल्या मोबाईलवर फिरलं. पोरीच्या भावानं सायकल घराच्या मागं गजाला साखळीनं बांधली आणि किल्ली खिशात घातली. दुसरीचं तर लग्न ठरवायची घाई सुरू झाली आहे.

आता माझी कबुली. त्या संध्याकाळी मला फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "काही दिवस थांबूया का? वातावरण निवळू दे." मी समाजकार्यात एम.ए. केलेली बाई. दहा-बारा वर्षं शिबिरांतून हिंसेविरुद्ध बोलते. आणि ज्यांनी त्रास दिला त्यांना घरी बसा असं न म्हणता, ज्यांना त्रास झाला त्यांनाच मी घरी बसवलं. ते वाक्य मी प्रेमानं म्हटलं, काळजीनं म्हटलं. पण भावानं साखळी बांधली तीही काळजीनंच बांधली, असं तोही म्हणतो. त्यामुळं त्याला नावं ठेवण्याआधी मी माझं वाक्य मागं घेते. थांबूया म्हणणं चुकलं माझं.

या तीन आठवड्यांत मी तुमच्या घरोघरी गेले. सासवा, नवरे, दीर, सगळ्यांशी बोलले. भांडले नाही, फक्त ऐकलं. प्रत्येक घरात एकच प्रश्न आला. "डोंगरावर कशाला जाता?" धोका, पोरं, मोबाईल, हे सगळं त्याच्या नंतर. आधी हे, की कशाला? काम काय तिथं?

हा प्रश्न मी डोक्यात घेऊन फिरत होते, तेव्हा आपल्या आजी भेटल्या. त्या समोर बसल्यात, नाव घेत नाही, लाजतील. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही पोरी होतो तवा चार-चार कोस सरपणाला जायचो. शेण्या गोळा करायला जायचो. करवंदं, गवत, सगळं डोंगरातनंच. एकटीसुदिक गेलीया मी. तवा कुणी इचारलं न्हाई, एकटी का जातीस. मोळी घेऊन आली न्हाई तर तेवढं इचारायचे."

मी घरी जाऊन त्यांचं बोलणं वहीत उतरवलं. डोंगर तोच आहे, बाई तीच आहे, साप, विंचू, माणसं, सगळं तेव्हाही होतं. डोक्यावर मोळी असली की बाई एकटी गेली तरी चालत होतं. हात मोकळे असले की विचारतात, कशाला?

आपल्या भागात तर ही गोष्ट फार जुनी आहे. भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबाराय एकांतासाठी जायचे, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. आजही वारकरी विद्यार्थी भामचंद्रावर अभ्यासाला राहतात. आणि त्याच कीर्तनात आवली येते. जिजाबाई, तुकोबांची बायको. ती भाकरी घेऊन डोंगर चढते. रोज. तिच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलानं येऊन तो काढला, अशी कथा आहे. बाया डोळे पुसतात त्या प्रसंगाला, मीही पुसलेत. पण बघा, दोघंही तोच डोंगर चढत होते. ते गेले एकांतासाठी, आणि ती गेली त्यांची भाकरी पोचवायला. घरी लेकरं, दुष्काळ, देणेकरी, आणि वर हा चढ. कीर्तनकार तिला तोंडाळ, कजाग म्हणून हसं मिळवतात. तिलाही कधी वर बसून दोन घटका नुसतं बघावंसं वाटलं असेल का, हे मात्र कधी कुणी कीर्तनात विचारलेलं मी ऐकलं नाही. संतांचा अपमान करायचा नाही मला. तुकोबा माझेही आहेत. मी फक्त आवलीच्या बाजूनं चढ मोजतेय.

रायगडच्या हिरकणीचंही तसंच. सूर्य बुडाला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून गवळण कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथं बुरूज बांधला, असं आपण सांगतो. आईची माया म्हणून सांगतो. पण काळोखात तो कडा उतरायचा म्हणजे हातापायांत किती अक्कल लागते! ती अक्कल काय एका रात्रीत आली? तो डोंगर तिनं किती वेळा पायाखाली घातला असेल. त्याचं कौतुक नाही, कारण बाळाशिवाय ती गोष्ट आपल्याला सांगताच येत नाही.

आणि हे फक्त जुनं नाही. गेल्या, म्हणजे २०२५ च्या श्रावणातली गोष्ट, आपल्याच खेड तालुक्यातली. ११ ऑगस्ट, सोमवार. पापळवाडीच्या बाया पाईटजवळच्या कुंडेश्वराला निघाल्या होत्या. पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून. घाटाच्या चढावर गाडी खाली कोसळली. किमान दहा बायका गेल्या, कितीतरी जखमी झाल्या. इथं बसलेल्यांपैकी काहींचं त्या भागात माहेर आहे, त्यामुळं मी फार बोलणार नाही. एवढंच म्हणते, की त्या दिवशी डोंगरावर जायला कुणी अडवलं नव्हतं, कारण श्रावणी सोमवार होता. वर्षातून एक दिवस मिळतो, मग सगळ्या एकदम निघतात, आणि माल वाहायच्या गाडीत माणसं बसतात. धोका तेव्हा कुणी मोजला का? बाई डोंगरावर गेली म्हणून जे आज आपल्याला सुरक्षितता शिकवतात, त्यांनी बाईला बसायला धड गाडी मिळाली का, हे कधी विचारलं का?

आळंदी इथून हाकेच्या अंतरावर. वारीत किती बाया चालतात! आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, डोक्यावर तुळस, रस्त्याकडेला झोपायचं, उघड्यावर आंघोळ. साठीच्या, सत्तरीच्या. तेव्हा कुणी म्हणत नाही, बाईला झेपणार नाही, लोक काय म्हणतील. माऊलीचं काम आहे म्हटल्यावर रस्ता मोकळा. मला वारी फार आवडते. ती बाईला जे देते तेच आपण रविवारी पाच तासांसाठी मागतोय, आणि तेही स्वतःच्या नावानं.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे, उगाच का फिरायचं? त्यांनी शहरातल्या बायकांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की बाई रस्त्यावर असली की तिला सतत दाखवावं लागतं, मी कामाला निघालेय. हातात पिशवी, कानाला फोन, चाल भरभर. पुरुष टपरीवर तासभर उभा राहतो, त्याला काही दाखवावं लागत नाही. त्यांचं म्हणणं असं, की बायकांना नुसतं संरक्षण देऊन भागत नाही, कारण संरक्षण म्हणजे बहुतेक वेळा कोंडणं. बाईला धोका पत्करायचाही हक्क पाहिजे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकले होते. आमच्या पाठ्यपुस्तकात सगळं संरक्षणच होतं. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरची गोष्ट कुरुळीला लागू पडेल का, अशीही शंका आली. पण आजींचं मोळीचं बोलणं ऐकलं आणि वाटलं, तिथली पिशवी आणि इथली मोळी एकच आहे.

आता वेळेचं बघा. सरकारनंच २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात. घरातलं बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवते, आणि करणारा पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे पावणेपाच तास तिथंच जातात. त्याच्यावर कंपनीची शिफ्ट, शेत, जनावरं. तुमच्यातल्या एकजण म्हणाल्या, "ताई, डोंगरावर जायचं म्हटलं की आदल्या रात्री दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवायचा, म्हणजे परवानगी मिळते." म्हणजे आपण ते पाच तास विकत घेतोय, रात्रीची झोप देऊन. हे किती दिवस चालेल? रविवारचा एक स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कुणी केला तर काय होईल, हेही आज बोलायला हवं. हसू नका. तुमच्यातल्या एकीच्या नवऱ्यानं दोन रविवार पिठलं केलं होतं, मी साक्षीदार आहे. मीठ कमी होतं.

आणखी एक गंमत सांगते, रागाची गंमत. दर शनिवार-रविवारी पुण्याहून सायकलवाले येतात. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, महागाच्या सायकली. त्यांच्यात बायकाही असतात. त्यांना आपल्या गावातली माणसं पाणी देतात, रस्ता दाखवतात, फोटो काढून घेतात. त्यांना कुणी विचारत नाही, कशाला आलात. शहरातली बाई फिरायला येते हे गावाला पटलंय. गावची सून तीच वाट चालली की ती रिकामटेकडी. त्या बायकांशी माझं भांडण नाही, उलट त्यांच्यातल्या एकीनं आपल्याला पंक्चर काढायला शिकवलं. पण ही जी सवलत आहे ती शहराला आणि पैशाला आहे, एवढं ध्यानात ठेवा.

सायकलबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत. त्या बोलायला पुरुष खोलीत नाहीत ते बरं. दोन-तीन घरांत आयांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "सायकलनं पोरीचं काही बिघडत तर नाही ना? उद्या लग्नात..." मी स्पष्ट सांगते. योनीच्या तोंडाशी जो पातळ पडदा असतो तो प्रत्येकीचा वेगळा असतो. कुणाला तो जवळजवळ नसतोच, कुणाचा खेळण्या-धावण्यात सैल होतो, कुणाचा बाळंतपणापर्यंत टिकतो. त्याच्यावरून कुठल्याही पोरीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बलात्काराच्या प्रकरणांत डॉक्टर दोन बोटांची तपासणी करायचे, तीही सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये चुकीची, अपमानकारक ठरवली आणि करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल असं सांगितलं. न्यायालयाला कळलं, आता सासरलाही कळू दे.

दुसरं, ज्यांना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, त्यांनी "आमचं वय झालं" म्हणून गप्प बसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, शंभरात चोपन्न. डोंगर चढला म्हणून ते आपल्यातल्या चौघींना कळलं. घरात बसून कळलं नसतं, कारण घरात धाप लागली तर आपण ओट्याला टेकून पुढचं काम करतो. त्या चौघी आता गोळ्या घेतात. ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना दाखवावं, आणि तोवर पायथ्याच्या सपाट वाटेवर चालावं. लाजायचं नाही.

सायकल ही बायकांसाठी केवढी मोठी गोष्ट ठरू शकते, हे तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यानं दाखवलं. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथं साक्षरतेची चळवळ जोरात होती, आणि तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं साक्षरतेत धरलं. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या ताया, शाळकरी पोरी, हजारोंनी शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांवर बाया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत शहरातून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय. लेडीज सायकली पुरेनात, तर बायांनी जेंट्स घेतल्या. आणि पुढं काय म्हणाल्या, तर जेंट्सच बरी, पुढच्या दांड्यावर पोराला बसवता येतं. पुरुषांनी टोमणे मारले, घाण बोलले, तरी त्या थांबल्या नाहीत. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीतल्या पोरींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या पोरी जवळपास तीस टक्क्यांनी वाढल्या, असं अभ्यासकांनी मोजलंय. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८ मध्ये, वीस वर्षांची असताना, एकटी जगाला सायकलवरून प्रदक्षिणा घालून आली, एकोणतीस हजार किलोमीटर. वाटेत तिला चाकू दाखवून लुटलंही. ती पुढं गेली. तुमच्याकडून मला असलं काही नको आहे. तुम्ही फक्त वासुली फाट्यापर्यंत जा.

धोका आहे. मी तो नाकारत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीवर जे झालं ते आपण सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर पुण्याच्या टेकड्यांवर कॅमेरे, दिवे, गस्त, यांची चर्चा झाली. व्हायलाच हवी. पण त्याच आठवड्यात माझ्या ओळखीच्या तीन घरांत मुलींचं सकाळचं टेकडीवर जाणं बंद झालं. मुलगे जात राहिले. गुन्हा पुरुषांनी केला, आणि टेकडी बायकांना बंद झाली. बलात्कार, मारहाण बाईला सगळ्यात जास्त कुठं सोसावी लागते? आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना बहुतेक करून घरातच, ओळखीच्या माणसाकडून. म्हणून घराला बंदी घाला असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

मग करायचं काय? माझ्या मनात जे आहे ते सांगते, त्यात तुम्ही भर घाला.

त्या चित्रीकरणाची तक्रार द्यायची. पहिल्या वेळी आपण गेलो तेव्हा समोरच्या माणसानं आधी विचारलं, "एवढ्या सकाळी तिकडं कशाला गेला होता?" बघा, तिथंही तोच प्रश्न! आणि आपण कागद न देता परत आलो. या वेळी लिहून नेऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाठलाग करणं हा तिच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, लैंगिक छळ कलम ७५, अश्लील शब्द, हावभाव कलम ७९. गुन्हा कुठं घडला ते बघत न बसता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तक्रार त्या दोघी देणार असतील तरच, आणि नाव बाहेर येण्याची भीती वाटली तर आधी आपण वकीलताईंशी बोलू. त्यांच्यावर दडपण आणायचं नाही. पण सोबत आपण दहाजणी जायचं.

वाट बदलू नका, पण वेळ थोडी पुढं न्या. पूर्ण उजाडल्यावर निघा, सूर्योदयाच्या आधी नको. हे पोरांमुळं नाही, बिबट्यामुळं सांगते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि आपला खेड, या पट्ट्यात उसामुळं बिबटे गावाजवळ राहतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो फिरतो. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला छोटं जनावर वाटतं, म्हणून लघवीला आडोशाला एकटं जायचं नाही, दुसरीनं उभं राहून बोलत राहायचं. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ न फिरवता, आवाज करत मागं सरकायचं. वनखात्याचा नंबर १९२६, पोलिसांचा ११२. मार्चनंतर गवत वाळतं, एका काडीनं डोंगर पेटतो, तर चूल वर मांडायची नाही. आणि मोहोळाखाली अगरबत्ती लावायची नाही. हे मी देवाला आलेल्या पुरुषमंडळींनाही सांगत असते, ऐकत नाहीत.

सायकलवाल्यांसाठी. तुमच्या वाटेतला सगळ्यात धोक्याचा भाग डोंगर नाही, आपला नाशिक हायवे आहे. कंटेनरच्या ड्रायव्हरला सायकल आरशात दिसत नाही. हायवे ओलांडताना उतरा, सायकल हातात धरून ओलांडा, मग निघोज्याच्या आतल्या रस्त्यानं जा. चढ यायच्या आधी गिअर हलका करा, चढावर मध्येच बदलला की चेन उतरते. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढं जातं, मागचा आधी, मग दोन्ही हळूहळू, आणि बूड सीटच्या मागं. वाळू-खडीत वळताना ब्रेक नको. साडीवाल्यांनी ओचा खोचून पाहिलाय, चेनमध्ये अडकतो. पंजाबीची सलवार खाली दोऱ्यानं बांधा. एका मावशींनी लेकाची जुनी ट्रॅकपँट घातली आणि वर साडीच नेसली होती, मला तरी ती युक्ती पसंत पडली.

मार्चमध्ये भामचंद्रावर ऊन लवकर चढतं, म्हणून एकदा घोराडेश्वरला जाऊया असं काहीजणी म्हणताहेत. देहूरोडच्या पुढं, जुन्या मुंबई हायवेला लागून. वनखात्याची हद्द आहे, झाडी आहे, पायऱ्या आहेत, वर शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. तिथं जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. धेनुकाकट गावच्या, नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोनं ते लेणं दान दिलं, असं त्यात लिहिलंय. तिचं नाव आहे सियगुतणिका. शेतकऱ्याची बायको, आणि दगडावर तिचं स्वतःचं नाव! ती कधी वर चढून आपलं नाव बघायला आली असेल का, माहीत नाही. आपण जाऊन बघू. त्या लेण्याच्या ओसरीत बसलं की थंड वाटतं, आणि खालून रेल्वे जाते ती दिसते.

मला विचाराल तर, कशाला जाता या प्रश्नाला आपण उत्तर द्यायचं बंद करावं. मी स्वतः इतके दिवस उत्तरं देत होते. तब्येतीसाठी, रक्तासाठी, झाडं लावायला, पर्यावरणासाठी. सरपंचांना मी वृक्षारोपण सांगून आले होते! ती नवीन मोळीच झाली की आमची. त्यापेक्षा आपल्यातल्या त्या काकूंनी दिलेलं उत्तर चांगलं. त्यांच्या सासूनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वर वारा लागतो."

आता बोलण्याची पाळी तुमची. पण उठायच्या आधी दोन गोष्टी. तक्रारीला कोण कोण येणार, त्यांनी नावं सांगा, मी लिहून घेते. आणि ज्या पोरीची सायकल बांधलीय तिच्या भावाला मी काल भेटले. तो वाईट मुलगा नाही, चिडलेला आहे, मित्रांनी त्याला ते चित्रीकरण दाखवून हसवलंय. मी त्याला म्हटलं, तू रविवारी आमच्याबरोबर चल, पुढं नाही, मागं, पाणी धर. तो काही बोलला नाही. किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे. तेव्हा या रविवारी सायकली दोनच. मारुतीच्या देवळापाशी सात वाजता, उजाडल्यावर. पंपाचा पिन ज्यांच्याकडं आहे त्यांनी तो घेऊन या, मागच्या वेळी विसरला होता.